कोर्ट लाइन का बुडाली? एका छोट्या विमान कंपनीकडून 'कारण' शोधायला शिकूया



'पेट' किंवा 'नेट' झाली की पुढचा डोंगर म्हणजे सिनॉप्सिस. आणि सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: "अमुक घटनेमुळे तमुक झालं." लिहायला सोपं, वाचायला पटणारं. पण मुलाखतीत समोरच्यांनी "हे कशावरून?" एवढंच विचारलं की आपली बोबडी वळते. म्हणून आज 'कारण' या एकाच शब्दावर बोलूया. मी विज्ञान शाखेची, त्यामुळे उदाहरण प्रयोगशाळेतलं देईन असं तुम्हाला वाटलं असेल. पण आजचं उदाहरण इतिहासातलं आहे. ब्रिटनमधली सुट्टीच्या प्रवाशांची विमान कंपनी, कोर्ट लाइन. नव्या नावाने ती १९७० मध्ये उडायला लागली आणि १९७४ च्या ऑगस्टमध्ये, ऐन हंगामात, एका दिवसात बंद पडली.

ती का बुडाली, याचं एका ओळीचं उत्तर सगळीकडे तयार मिळतं: १९७३ चं तेलसंकट. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. ते अपुरं का, हे नीट समजलं तर तुमच्या विषयातही तुम्ही 'कारण' हा शब्द जरा जपून वापराल.

आधी पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या सर्वसामान्य माणसाला परदेशात सुट्टी घालवणं परवडत नव्हतं. १९५० मध्ये व्लादिमिर राइट्झ या माणसाने कॉर्सिका बेटावरच्या काल्वी इथे एक सहल नेली. भाड्याने घेतलेलं जुनं डकोटा विमान, राहायला तंबू, जेवण, सगळं मिळून ३२ पौंड १० शिलिंग. त्याच्या कंपनीचं नाव होरायझन. विमान, राहणं आणि जेवण एका किमतीत विकायची ही पद्धत म्हणजे आजची 'पॅकेज टूर'. होरायझन हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

हा धंदा वाढायला दोन सरकारी नियमांचा संबंध आहे. पहिला नियम अडवणारा. सहलीची एकूण किंमत ही त्या ठिकाणच्या नियमित विमानाच्या तिकिटापेक्षा कमी ठेवायची नाही, असं बंधन होतं. मोठ्या विमान कंपन्यांचं संरक्षण व्हावं म्हणून. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे बंधन सैल होत गेलं आणि सहल कंपन्यांमध्ये किमती पाडण्याची शर्यत लागली. दुसरा नियम वरवर पाहता अडवणारा, पण प्रत्यक्षात मदत करणारा. १९६६ ते १९७० या काळात ब्रिटिश माणसाला परदेशात खर्चायला फक्त ५० पौंडांचं चलन नेता येत असे. इतक्या कमी पैशांत परदेशी राहायचं तर जवळजवळ सगळं इथेच आगाऊ भरलेलं बरं. साहजिकच लोक पॅकेज टूरकडे वळले.

आता कोर्ट लाइन. मुळात ही जहाजांची कंपनी, १९०५ पासूनची. १९६५ मध्ये तिने ल्यूटन विमानतळावरची ऑटेअर नावाची छोटी विमान कंपनी विकत घेतली. ऑटेअर सुरू झाली होती हेलिकॉप्टरपासून, नंतर लहान विमानं आणि देशांतर्गत नियमित उड्डाणं. १९६९ मध्ये कंपनीने नियमित उड्डाणं सोडून दिली आणि सगळा भर सुट्टीच्या सहलींवर दिला. १९७० च्या सुरुवातीला नाव बदलून झालं कोर्ट लाइन एव्हिएशन.

चार वर्षांची चढण

कोर्ट लाइनने जे केलं ते पाहून त्या काळचे लोक खुळावले. इतर कंपन्यांची विमानं पांढरी, त्यावर एखादा पट्टा. यांची विमानं गुलाबी, नारिंगी, जांभळी, निळसर हिरवी. कर्मचाऱ्यांचे गणवेश मेरी क्वांट या फॅशन डिझायनरकडून करून घेतलेले. बीएसी वन-इलेव्हन हे त्यांचं मुख्य विमान, त्यात ११९ प्रवासी बसवले जात.

एवढ्या लहान विमानात ११९ माणसं कशी बसवली, याचं एक उत्तर मला फार आवडतं. स्वयंपाकघराची जागा वाचवण्यासाठी जेवणाचे डबे प्रत्येकाच्या समोरच्या खुर्चीच्या पाठीतच ठेवले जात. जातानाचं एका कप्प्यात, येणाऱ्या प्रवाशाचं दुसऱ्या कुलूपबंद कप्प्यात. जाणाऱ्यांपैकी काही जण ते कुलूप उघडून दोन्ही जेवणं फस्त करायचे आणि परतीचा प्रवासी उपाशी, असे किस्से अजून सांगितले जातात. हसू येतं, पण यातला हिशेब बघा. या धंद्यात एकेका खुर्चीवर नफा-तोटा ठरतो. विमान उडालं की खर्च झालाच, मग त्यात ११९ माणसं असोत की ७०.

मग १९७३ मध्ये मोठी उडी. कोर्ट लाइनने लॉकहीड ट्रायस्टार हे प्रचंड विमान घेतलं, युरोपमध्ये पहिल्यांदा. एकाऐवजी दोन घेतली. एक नारिंगी, एक गुलाबी. प्रत्येकात ४०० खुर्च्या, म्हणजे वन-इलेव्हनच्या तिपटीहून जास्त. तोवर कंपनीने कॅरिबियनमधल्या लिआट या विमान कंपनीचा मोठा हिस्सा घेतला होता, तिकडे हॉटेलं काढली होती. इकडे इंग्लंडमध्ये समूहाकडे जहाजबांधणीचे कारखानेही होते.

बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसलं असेल? नवी विमानं, भरलेल्या खुर्च्या, दरवर्षी जास्त प्रवासी. तुम्ही १९७३ मध्ये या कंपनीवर प्रबंध लिहीत असता तर शीर्षक नक्की 'यशोगाथा' असं काहीतरी दिलं असतं.

एकाच गिऱ्हाइकावर उभी इमारत

कोर्ट लाइन स्वतः प्रवाशांना तिकिटं विकत नव्हती. ती सहल कंपन्यांना अख्खी विमानं द्यायची. आणि त्यातलं सर्वात मोठं गिऱ्हाईक म्हणजे क्लार्कसन्स. हॉलंडमधली ट्युलिपची शेतं बघायच्या एका दिवसाच्या सहलींपासून वर आलेली ही कंपनी टॉम गुलिक यांच्या हाताखाली ब्रिटनमधली सर्वात मोठी सहल कंपनी झाली. तिचं सूत्र साधं होतं: किंमत पाडा, संख्या वाढवा. संख्या तर वाढली. पण इतक्या कमी किमतीत सहली विकून नफा उरत नव्हता, उलट तोटा व्हायला लागला. १९७२ मध्ये गुलिक बाहेर पडले.

आता कोर्ट लाइनच्या जागी स्वतःला ठेवा. तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तोट्यात आहे. ते बुडालं तर तुमची नवीकोरी विमानं धावपट्टीवर उभी राहणार आणि हप्ते मात्र चालू. तुम्ही काय कराल? कोर्ट लाइनने १९७३ मध्ये क्लार्कसन्स विकतच घेतली, नाममात्र किमतीला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला अडचणीत आलेलं होरायझनही घेतलं, तेच राइट्झचं होरायझन. म्हणजे विमानं भरलेली राहावीत म्हणून तोटा घरात आणला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

वाढ चालू असताना भोक दिसत का नाही?

इथे थोडं गणित करूया. पुढचे आकडे कोर्ट लाइनचे नाहीत. मुद्दा कळावा म्हणून मी सोयीचे घेतले आहेत.

समजा एक सहल तुम्ही ५० रुपयांना विकता आणि तुम्हाला ती ५२ रुपयांना पडते. दर माणशी २ रुपये तोटा. पण प्रवासी पैसे आधी भरतो. डिसेंबरमध्ये २० रुपये आगाऊ, उरलेले ३० जाण्याआधी. पहिल्या वर्षी १०० प्रवासी, दुसऱ्या वर्षी १५०, तिसऱ्या वर्षी २२५.

पहिलं वर्ष उजाडताना तिजोरीत १०० जणांचे आगाऊ २,००० रुपये आहेत. वर्षभरात आणखी ३,००० आले, ५,२०० खर्च झाले. म्हणजे २०० कमी पडले. पण डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षीच्या १५० जणांनी ३,००० भरले. तिजोरीत शिल्लक २,८००. दुसऱ्या वर्षी हाच हिशेब केला तर वर्षअखेर एकूण तोटा ५०० झालेला असतो, पण २२५ जणांच्या आगाऊ रकमेमुळे तिजोरीत ४,००० दिसतात.

बघा, तोटा २०० वरून ५०० वर गेला आणि तिजोरी २,८०० वरून ४,००० वर. फक्त बँकेतली शिल्लक पाहणाऱ्याला कंपनी तब्येतीने सुधारतेय असंच वाटणार. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि दरवर्षी डोकी वाढतायत, त्यामुळे टोप्या कमी पडल्याचं कळतच नाही.

आता तिसऱ्या वर्षाच्या शेवटी काहीतरी होतं आणि पुढच्या वर्षासाठी २२५ च्या वर जाण्याऐवजी फक्त १५० जण नाव नोंदवतात. साचलेला तोटा ९५० झालाय. तिजोरीत आहेत २,०५०. चौथ्या उन्हाळ्यात या १५० जणांचे उरलेले ४,५०० आले की एकूण ६,५५०. खर्च लागणार ७,८००. म्हणजे १,२५० रुपयांचं भोक, आणि पुढच्या वर्षीचे आगाऊ पैसे यायला अजून चार महिने आहेत. कंपनी बुडाली. कोणत्या महिन्यात? भर उन्हाळ्यात, विमानं भरलेली असताना.

या गणितातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कंपनी बुडायला प्रवासी पूर्वीपेक्षा फार कमी व्हावे लागले नाहीत. चौथ्या वर्षीचे प्रवासी दुसऱ्या वर्षाइतकेच होते, आणि दुसऱ्या वर्षी ती सुखात दिसत होती. ज्या धंद्याचा जुना तोटा नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून भागतो, त्याला नुसती वाढ थांबणंही पुरतं.

१९७३-७४ मध्ये प्रत्यक्षात काय झालं?

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं. तेलाचा भाव बॅरलला सुमारे ३ डॉलर होता, तो जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरच्या वर गेला. विमानाचं इंधन महागलं. सहल कंपन्यांची छापील पुस्तिका आणि तिच्यातल्या किमती मात्र कित्येक महिने आधी ठरलेल्या असतात. पौंड १९७२ पासून तरता सोडलेला आणि घसरत चाललेला, म्हणजे स्पेनमधल्या हॉटेलवाल्याला द्यायची रक्कम पौंडात वाढली. त्यात ब्रिटनमध्ये कोळसा खाणकामगारांच्या आंदोलनामुळे वीज वाचवायला जानेवारी ते मार्च १९७४ या काळात कारखान्यांसाठी तीन दिवसांचा आठवडा. ज्या थंडीच्या महिन्यांत लोक उन्हाळ्याची सुट्टी नोंदवतात, नेमके तेच महिने. नोकरीचाच भरवसा नाही, तर सुट्टीसाठी आगाऊ रक्कम कोण भरणार?

आता वरच्या गणिताशी जोडून बघा. तेलाने खर्च वाढवला हे खरं. पण त्याहून मोठं काम त्या हिवाळ्याने केलं: आगाऊ पैशांचा ओघ आटवला आणि आधीपासून असलेलं भोक उघडं पाडलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर समूहाची अडचण लपेना. जून १९७४ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने कोर्ट लाइनचे जहाजबांधणीचे कारखाने ताब्यात घ्यायचं ठरवलं. उद्योगमंत्री टोनी बेन यांनी संसदेत जे निवेदन केलं त्याचा आशय असा होता की यामुळे समूहाची स्थिती स्थिर होईल आणि या उन्हाळ्यात नोंदवलेल्या सुट्ट्याही त्यात आल्या. लोकांनी त्याचा सरळ अर्थ घेतला: आपली सहल सुरक्षित आहे.

१५ ऑगस्ट १९७४ रोजी कोर्ट लाइनने हात वर केले. त्या वेळी सुमारे ५० हजार प्रवासी परदेशात होते. आणखी सुमारे १ लाख लोकांनी पैसे भरले होते, ते अजून निघायचे होते. सहल कंपन्यांनी अशा प्रसंगासाठी ठेवलेल्या हमीच्या रकमेतून परदेशातल्यांना इतर कंपन्यांच्या विमानांनी परत आणलं गेलं. पण घरी बसलेल्यांचे पैसे परत द्यायला ती रक्कम पुरेना. यातले बरेच लोक वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून एक सुट्टी घेणारे.

प्रकरण संसदीय लोकपालांकडे गेलं. १९७५ च्या अहवालात त्यांनी म्हटलं की सरकारी निवेदनांमुळे लोकांची दिशाभूल झाली आणि त्या जबाबदारीतून सरकारला पूर्ण सुटता येणार नाही. सरकारने हा निष्कर्ष मान्य केला नाही. मात्र त्याच वर्षी नवा कायदा करून एक राखीव निधी उभारला. त्यात सरकारने आधी कर्ज घालायचं आणि सहल कंपन्यांच्या उलाढालीवर १ ते २ टक्के आकारून ते फेडायचं. कोर्ट लाइनच्या प्रवाशांनाही त्यातून पैसे मिळाले.

आता तुम्हाला कळेल, 'कारण' हा शब्द इथे नुसता पुस्तकी का नाही. "तेलामुळे बुडाली" असं एकदा लिहिलं की कुणालाच काही विचारायचं उरत नाही. तोट्यात सहली विकणारे, तोटा घरात आणणारे, लोकांना धीर देणारे, सगळे सुटले. दोषी कोण, तर हजारो मैलांवरचं युद्ध.

कंट्रोल कुठे आहे?

विज्ञानात आपण पहिला प्रश्न हाच विचारतो. एखाद्या औषधामुळे उंदीर मेला म्हणायचं तर ज्यांना औषध दिलं नाही त्या उंदरांचं काय झालं? इतिहासात प्रयोग करता येत नाही, पण तुलना करता येते. आणि इथे नशिबाने फार चांगली तुलना मिळते.

त्याच ल्यूटन विमानतळावर सुट्टीच्या सहली नेणाऱ्या आणखी दोन कंपन्या होत्या: ब्रिटानिया आणि मोनार्क. तोच विमानतळ, तेच गिऱ्हाईक, तेच स्पेन, तेच महागलेलं इंधन, तोच घसरलेला पौंड. तेलसंकट हेच पुरेसं कारण असतं तर तिघीही बुडायला हव्या होत्या. ब्रिटानिया आणि मोनार्क तरल्या. गॅटविकची डॅन-एअरही तरली.

मग फरक काय? एकेक बघू.

मोनार्क आणि डॅन-एअरकडे जुनी विमानं होती. मोनार्ककडे ब्रिस्टल ब्रिटानिया जातीची पंख्याची विमानं आणि वापरलेली बोइंग ७२०. डॅन-एअरकडे दुसऱ्यांनी टाकलेली कॉमेट. जुनं विमान इंधन जास्त खातं, म्हणजे तेल महागल्यावर खरं तर यांनाच जास्त मार बसायला हवा होता! पण जुन्या विमानाच्या किमतीचं ओझं हलकं. गिऱ्हाईक कमी झालं तर ते उभं करून ठेवता येतं. ४०० खुर्च्यांच्या नव्या ट्रायस्टारला ती चैन परवडत नाही.

ब्रिटानियाकडे मात्र बऱ्यापैकी नवी बोइंग ७३७ होती. मग ती कशी वाचली? ती थॉमसन या समूहाच्या मालकीची, आणि थॉमसनची स्वतःची सहल कंपनी होती. म्हणजे विमान आणि सहल एकाच घरात. पण मग क्लार्कसन्स घेतल्यावर कोर्ट लाइनचंही तेच झालं होतं ना? होय. त्यामुळे 'एकाच घरात असणं' हे आपोआप चांगलं किंवा वाईट ठरत नाही. घरात पैसा आहे की तोटा, यावर ते ठरतं. थॉमसनकडे वर्तमानपत्रं होती आणि गंमत म्हणजे उत्तर समुद्रातल्या तेलक्षेत्रातही हिस्सा होता. ज्या तेलाच्या भावाने शेजाऱ्याला मारलं, तोच भाव ब्रिटानियाच्या मालकाच्या पुढे जाऊन पथ्यावरच पडणार होता. म्हणजे ब्रिटानिया हा निर्भेळ कंट्रोल नाही. तुलना करताना हे प्रामाणिकपणे नोंदवायचं असतं. लपवायचं नाही.

आणखी एक शक्यता तपासू: विमानच चुकीचं निवडलं असेल तर? ट्रायस्टार वाईट होतं का? कोर्ट लाइनची तीच दोन्ही ट्रायस्टार पुढे हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिककडे गेली आणि तिथे अनेक वर्षं उडाली. यंत्र तेच, धंदा वेगळा, निकाल वेगळा. म्हणजे दोष विमानात नव्हता. चार महिन्यांच्या सुट्टीच्या हंगामासाठी इतकं मोठं विमान घेणं, आणि ते भरण्यासाठी तोट्यात सहली विकणाऱ्या एका गिऱ्हाइकावर अवलंबून राहणं, यात दोष होता.

थोडक्यात माझं उत्तर असं: तेलसंकट ही काडी. दारू आधीच भरलेली होती. पाडलेल्या किमती, त्या तोट्याला पुढच्या वर्षीच्या आगाऊ पैशांचा टेकू, आणि एकाच गिऱ्हाइकाशी बांधलेली महागडी विमानं, ही ती दारू.

माझं उत्तर चुकीचं कसं ठरेल?

चांगल्या हायपोथेसिसला ही अट असतेच. माझं म्हणणं खरं असेल तर आगाऊ पैशांवर चालणाऱ्या सहल कंपन्या उन्हाळा संपता संपता बुडायला हव्यात, कारण हॉटेलांची बिलं तेव्हा येतात आणि नवं बुकिंग अजून सुरू व्हायचं असतं. तपासूया.

कोर्ट लाइन, ऑगस्ट १९७४. एक्सएल, १२ सप्टेंबर २००८. मोनार्क, २ ऑक्टोबर २०१७ (होय, १९७४ मध्ये तरलेली तीच मोनार्क). थॉमस कुक, २३ सप्टेंबर २०१९. चार उदाहरणं, चारही जुळली. इथे थांबून टाळ्या वाजवायचा मोह होतो.

पण ही उदाहरणं मी निवडली आहेत. लेकर एअरवेज ५ फेब्रुवारी १९८२ ला बुडाली. एअर युरोप ८ मार्च १९९१ ला. दोन्ही हिवाळ्यात. लेकरची गोष्ट वेगळी होती: अटलांटिकवर मोठ्या कंपन्यांशी किमतींची लढाई आणि डॉलरमध्ये घेतलेलं मोठं कर्ज. एअर युरोपच्या वेळी आखाती युद्धामुळे प्रवाशांचा ओघ आटला होता. म्हणजे नियम असा मांडावा लागेल की आगाऊ पैशांचं भोक उन्हाळ्याअखेर उघडं पडण्याची शक्यता जास्त, पण बुडायला इतरही वाटा आहेत. वाक्य आधीपेक्षा लुळं झालं ना? होऊ द्या. सिनॉप्सिसमध्ये असं लुळं पण टिकणारं वाक्य लिहिलेलं बरं.

आपला काय संबंध?

थॉमस कुकच्या वेळी सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना तिथल्या विमान नियामकाने परत आणलं. कोर्ट लाइननंतर घट्ट होत गेलेल्या संरक्षण-व्यवस्थेचंच हे फळ. पण ही व्यवस्था प्रवाशासाठी आहे, ज्याच्याकडे प्रवासी येतो त्याच्यासाठी नाही. थॉमस कुकची चार्टर विमानं हिवाळ्यात गोव्याला येत. २०१९ चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर ती बंद झाली आणि त्या प्रवाशांवर भिस्त ठेवून असलेल्या तिथल्या हॉटेलवाल्यांना, टॅक्सीवाल्यांना त्याचा फटका बसला. (भारतातली थॉमस कुक ही २०१२ पासून वेगळ्या मालकीची कंपनी, ती यात बुडाली नाही. नावावरून निष्कर्ष काढू नका, हाही एक धडाच.) आणि आपल्याकडे मे महिन्यातल्या काश्मीर सहलीसाठी आपणही जानेवारी-फेब्रुवारीत ॲडव्हान्स भरतोच. ते पैसे आपल्याच सहलीसाठी ठेवलेत की आधीच्या सहलीचं बिल भागवायला गेलेत, हे आपण कधी विचारतो का?

तुमच्यासाठी गृहपाठ

किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये. दोन्हींच्या बाबतीत महाग इंधन हे कारण तुम्ही वाचलं असेल. दोन्ही वेळी इंडिगो त्याच आकाशात, तेच इंधन भरून उडत होती. एक कंपनी निवडा आणि कागदावर फक्त चार ओळी लिहा.

पहिली ओळ: तुमच्या मते कारण काय. दुसरी: कंट्रोल म्हणून कोणती कंपनी घ्याल आणि ती कुठे कुठे निर्भेळ नाही. तिसरी: तुमचं कारण खरं असेल तर कागदपत्रांत, ताळेबंदात काय दिसायला हवं. चौथी: काय सापडलं तर तुम्ही तुमचं म्हणणं मागे घ्याल.

चौथी ओळ लिहिताना सगळ्यात जास्त वेळ लागेल, लागू द्या. मग याच चार ओळी स्वतःच्या विषयासाठी लिहा, विषय मराठी साहित्य असो, मृदाशास्त्र असो की बँकिंग. गाईडसमोर पहिल्या भेटीला जाताना दहा पानांच्या प्रस्तावनेऐवजी हा एक कागद घेऊन जा. चर्चा नक्की जास्त वेळ चालेल.

पुढच्या लेखात ताळेबंद वाचायला शिकूया, वाणिज्य शाखेचे नसणाऱ्यांसाठी. तोवर अभ्यास चालू ठेवा.